ऐंशी पावलं

औषधाच्या दुकानातून बाहेर पडून कर्नल फुटपाथच्या कडेला उभा राहिला. रस्ता मोकळा दिसला तसा त्यानं एक पाय खाली टाकला, आणि मागून हाक आली. “बगळ्याऽऽ!” पाय होता तिथंच राहिला. वळणावरून आलेली एक गाडी करकचून थांबली, त्याच्या गुडघ्यापासून वीतभरावर. चालवणाऱ्या बाईनं काच खाली करून विचारलं, “आजोबा, जीव नकोसा झालाय का?” कर्नलनं माफी मागायला हात वर केला, पण तो तिच्याकडं बघत नव्हता. दुकानासमोर चाळिशीतले दोघं एकमेकांना कडकडून भेटत होते. एक लुकडा, लांब मानेचा. दुसरा पोट सुटलेला. “काय रे बगळ्या, ओळख विसरलास होय?” पोटवाला म्हणत होता. शाळेतले सोबती असावेत. बास, एवढंच. लांब मानेची माणसं जगात पुष्कळ असतात आणि शाळेतली पोरं त्यांना दुसरं काय म्हणणार! कर्नलनं रस्ता ओलांडला. पलीकडं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट आपण मुठीत पार चुरगाळून टाकलंय आणि शर्ट पाठीला चिकटलाय. रविवार होता. ऊन स्वच्छ होतं. दहाला दहा कमी होते.

त्याला त्या नावानं हाक मारणारा माणूस एकच होता, आणि तो जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी, केस भादरून रांगेत उभ्या केलेल्या साठ पोरांत, शेजारच्यानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं होतं आणि ओठ न हलवता म्हणाला होता, “बगळा दिसतोस, बगळा.” त्याला हसू फुटलं आणि दोघांनाही मैदानाला दहा फेऱ्या पडल्या. दहाव्या फेरीला त्यानं शेजारच्याचं नाव नगारा ठेवलं, कारण धापा टाकतानासुद्धा त्या माणसाचं कुजबुजणं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात होतं. पुढं दोघंही अधिकारी झाले, एकाच पलटणीत आले, एकाच खोलीत राहिले, एकमेकांचे मोजे घालून फिरले. नगाऱ्याचं लग्न झालं. सीमेवरून तो घरी फोन करायचा तेव्हा वहिनी म्हणायच्या, “फोन कशाला हवा तुम्हाला? खिडकी उघडून बोला, इथं येतंय ऐकू.” तो आवाज असा होता. भिंतीआडून, वाऱ्यातून, माणसांच्या गलक्यातून तो सरळ आपल्या माणसापाशी यायचा. अजूनही येत होता. रोज नाही. पावसाळी दिवशी सहसा नाही. लख्ख ऊन पडलेल्या सकाळी, सव्वानऊ ते दहाच्या सुमाराला, न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर वरिष्ठांपुढं नकाशा समजावून सांगताना. कर्नल वाक्य अर्ध्यावर सोडून दाराकडं बघत राहिला होता. घरी तो पूर्वेच्या खिडकीचे पडदे अकरापर्यंत उघडत नसे. शेजारणीला वाटायचं, निवृत्त माणूस, लोळत पडतो. पण आजवर तो आवाज दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला नव्हता. आज आला होता, एका पोट सुटलेल्या माणसाच्या तोंडून. म्हणजे आता तो कुणाच्याही तोंडून येऊ शकत होता.

वहिनींचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. कर्नल सावलीच्या बाजूनं चालू लागला. त्या दिवशीही असंच ऊन पडलं होतं. कंपनीचा ताबा त्याच्याकडं होता. नगाऱ्यापेक्षा तो तीन महिन्यांनी वरिष्ठ, एवढ्याच हिशोबानं. पहाटेच्या धुक्यात नगारा वीस माणसं घेऊन उतारावरून वर गेला होता. धुकं टिकलं असतं तर जमलं असतं. ते उठलं, एकदम, कुणी चादर ओढून घ्यावी तसं. परत येताना सगळ्यात मागं नगारा होता. खंदकापासून ऐंशी पावलांवर तो पडला. कर्नलनं ती पावलं पुढं नकाशावर मोजली, डोळ्यांनी मोजली, आणि नंतर बत्तीस वर्षं वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या रस्त्यांवर मोजली. या दिव्याच्या खांबापासून त्या वाण्याच्या दुकानापर्यंत. मधली जमीन तळहातासारखी उघडी होती आणि समोरच्या मशीनगनचा तिच्यावर डोळा होता. एक जवान न विचारताच उठला आणि धावला. तो दहा पावलं गेला. दुसरा उठत होता, त्याची मानगूट कर्नलनं धरली. “कुणीही जायचं नाही. हा हुकूम आहे.” तेव्हा सव्वानऊ झाले होते. अंधार पडायला नऊ तास होते. हुकूम बरोबर होता. वरच्यांनी तसं लेखी कळवलं, वर शाबासकीही दिली.

आणि मग नगारा बोलायला लागला होता. हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं, पण पहिला तासभर तो चक्क थट्टा करीत होता. “बगळ्या, उन्हात टाकलंस, निदान टोपी तरी फेक!” खंदकातले जवान हसले होते. हसताना एकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नंतर त्यानं हुकूम सोडले: धूर करा, डावीकडून या. धुराचे गोळे पहाटेच संपले होते. अकरानंतर त्यानं शिव्या दिल्या. बारानंतर पाणी मागितलं. मग नुसतीच हाक उरली, दर काही मिनिटांनी, शेवटचं अक्षर लांबवत. कर्नलनं एकदाही ओ दिली नाही. ओ दिली की तो उठायचा प्रयत्न करील, उठला की ते मारतील, असं त्यानं तेव्हा स्वतःला बजावलं होतं. खरं म्हणजे ओ दिली असती तर आपले पाय आपल्या ताब्यात राहिले नसते. तीन वाजून गेल्यावर हाक थांबली. अंधारात चौघं सरपटत जाऊन त्याला घेऊन आले. कर्नलनं त्याच्या काखेत हात घातला. तिथं अजून ऊब होती.

आठ दिवसांनी तो वहिनींच्या दारात उभा होता. तीन वर्षांची पोर त्यांच्या कडेवर होती, एकाच पायात मोजा. बातमी आधीच पोचली होती. वहिनींना फक्त एकच गोष्ट विचारायची होती. “त्रास झाला का हो त्यांना?” “नाही,” कर्नल म्हणाला, “लगेच गेला. कळलंसुद्धा नाही त्याला.” “नक्की?” “मी शेजारीच होतो.” पहिलं खोटं त्यानं वाटेत घोकून ठेवलं होतं. दुसरं आपसूक तोंडातून निघालं, आणि पुढं तेच त्याच्या मानगुटीवर बसलं.

तेव्हापासून तो त्या घरचाच झाला. बदलीच्या गावाहून सुट्टी काढून यायचा. निवृत्त झाल्यावर मुद्दाम चालत जाता येईल अशा अंतरावर घर घेतलं. नळाचे वायसर, खिडकीच्या कड्या, पोरीच्या शाळेचा प्रवेश, सासूबाईंचा मोतीबिंदू, सगळं त्याच्याच गळ्यात, आणि त्यानं ते हौसेनं घालून घेतलं होतं. पोर इतकी हुकूमशहा, की तो तिला जनरलसाहेब म्हणून सलाम ठोकायचा आणि ती कमरेवर हात ठेवून त्याला सायकलीमागं पळवायची. तिच्या लग्नात तिच्या बापाच्या जागी तोच उभा राहिला. त्याच्या आधी, खूप आधी, नगाऱ्याच्या आईनंच एकदा जेवताना सरळ विषय काढला होता: “तुम्ही दोघं लग्न का करून टाकत नाही? माझी ना नाही. लोक बोलायचे ते बोलतातच.” वहिनी ताटाकडं बघत राहिल्या. त्या नाही म्हणाल्या नाहीत. कर्नलला त्या क्षणी काय वाटलं हे त्यानं आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. त्याला मनातून हो म्हणायचं होतं, आणि त्याच वेळी, मागच्या उतारावरून कुणीतरी खदखदून हसल्यासारखं त्याला ऐकू आलं होतं. तो उठला, हात धुतले, आणि तीन आठवडे तिकडं फिरकला नाही. परत आला तेव्हा विषय संपलेला होता. वहिनी त्याला पूर्वीसारखंच भाऊजी म्हणाल्या.

“दहाला दोन कमी,” दार उघडत वहिनी म्हणाल्या. “घड्याळ पुढं गेलंय की तुम्ही?” पाकिटाकडं बघून त्यांनी भुवया उंचावल्या. “गोळ्या आणल्या की कुटून आणल्या?” कर्नल हसला. आत टेबलापाशी पोर बसली होती. पोर कसली, पस्तिशीची डॉक्टर, मोठ्या इस्पितळात अपघात विभागात. रविवारी सकाळी ती कधीच इथं नसायची. “आई, तू गच्चीवर कपडे वाळत घालणार होतीस ना?” ती म्हणाली. बादली उचलून वहिनी गेल्या. पोरीनं दार लोटून घेतलं. तिच्यासमोर एक पिवळं पडलेलं पाकीट होतं. पलटणीच्या कचेरीत जुनी कागदपत्रं निकालात काढत होते, म्हणून त्यांनी घरच्यांकडं पाठवली होती. आईनं न वाचताच तिच्याकडं दिली होती.

“काका, बस. मला एक सांग. बाबांच्या मांडीला लागलं होतं?”

“हो.”

“बाकी कुठं नाही?”

“नाही.”

“यात डॉक्टरनं लिहिलंय, जखमेच्या वर कमरेचा पट्टा आवळून बांधलेला आढळला. दोन वेढे, आणि गाठीत काडी घालून पिळलेला.” ती पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात बोलत होती, सपाट, हळू. “लगेच गेलेल्या माणसाला पट्टा कुणी बांधतं का रे? कुणी बांधला तो? तू?”

कर्नलनं टेबलावरच्या मेणकापडावरचा डाग बोटानं पुसून बघितला. डाग नव्हता, नक्षी होती. या पोरीला आपणच विज्ञानाचे धडे दिले होते, बेडकाचं चित्र काढून दिलं होतं, हृदयाला चार कप्पे असतात हे भेंडी कापून शिकवायचा प्रयत्न केला होता आणि भेंडीला पाच निघाले म्हणून ती दिवसभर हसली होती. “त्यानं स्वतःच बांधला असणार,” तो म्हणाला. “मी नव्हतो तिथं.”

“तू शेजारी होतास ना?”

“ऐंशी पावलांवर होतो.”

“किती वेळ?”

मग त्यानं सांगितलं. एखादा अहवाल द्यावा तसं सुरू केलं, वेळ, अंतर, वारा. पण टोपीच्या थट्टेपाशी आल्यावर अहवाल मोडला. तो सांगत होता आणि ती ऐकत होती, मध्ये एकदाही न तोडता. तीन वाजेपर्यंत, तो म्हणाला. ऊब होती, हेही म्हणाला. पोरीनं कागदाची घडी घालून तो परत पाकिटात सारला. मग म्हणाली, “काका, तुला वाटतं तसं नसेल ते. इतकं रक्त गेलं की माणूस अर्ध्या तासात बेशुद्ध होतो. पुढच्या हाका तुला भास झाले असतील. फार ताणाखाली होतं असं, आम्ही बघतो नेहमी. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल.”

हे बोलताना ती त्याच्याकडं बघत नव्हती. आवाज मात्र जरासुद्धा हलला नव्हता. कर्नलनं तो आवाज ओळखला. तो त्याचाच होता, त्या दारातला, एका पायातल्या मोज्याकडं बघत बोललेला. ज्या पट्ट्यामुळं ती इथवर आली होती, तो पट्टा माणसाला तासन् तास जिवंत ठेवतो हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! आणि ऊब? आणि खंदकातले इतर जवान, त्यांनाही भास? तिनं सगळं ऐकलं होतं, हिशोब केला होता, आणि म्हाताऱ्या काकाला सोडवायचं ठरवलं होतं. आपण हिला आणखी काय काय शिकवलं, असं त्याच्या मनात आलं. “असेल,” तो म्हणाला. “तू डॉक्टर आहेस.” तिनं उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, ताप बघावा तसा, आणि ड्युटीवर निघून गेली. जाताना पाकीट पर्समध्ये टाकलं. “आईला काही नको सांगायला,” दारातून ती म्हणाली. “कशाला आता.”

वहिनी रिकामी बादली घेऊन खाली आल्या. पदराला हात पुसत समोर बसल्या. “काय चाललं होतं गुफ्तगू?” बाहेर ऊन आता टेबलापर्यंत आलं होतं. कर्नलनं त्या उन्हाकडं बघितलं. उठून जावं, कडी दुरुस्त करावी, गोळ्या डब्यात भरून द्याव्यात, असं काहीही करता आलं असतं. बत्तीस वर्षं तेच केलं होतं. आता तर डॉक्टरचा दाखलाही मिळाला होता. तो घेऊन उरलेली वर्षं काढायला हरकत नव्हती. पण एकाच खोट्याचं ओझं आता दोघांनी वाहायचं, आणि तेही त्या पोरीनं, ही गोष्ट त्याला गिळवेना. “वहिनी,” तो म्हणाला, “तो लगेच गेला नाही. मी शेजारी नव्हतो.”

त्यांना सगळं सांगायला जास्त वेळ लागला नाही. दुसऱ्यांदा सांगताना शब्द आपले आपण येत होते. वहिनी रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की जणू त्या टेबलापलीकडं कुणी अनोळखी माणूस येऊन बसलाय आणि तो कुणाकडं आलाय हे त्यांना आठवत नाहीये. “सहा तास,” त्या म्हणाल्या.

“हुकूम द्यावाच लागला, वहिनी. आणखी माणसं गेली असती.”

“ते मला कळतंय. मी हुकमाचं विचारतच नाहीये.” त्यांचा आवाज एकदम चढला. “मी इतकी वर्षं रोज सकाळी देवाचे आभार मानले, की त्यांना कळलं नाही. रोज, भाऊजी! आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होता. तुम्ही इथं येत होता ते कुणासाठी? आमच्यासाठी, की त्यांच्या भीतीनं?”

कर्नलनं खरंच विचार केला. सायकलीमागं पळताना त्याला कशाचीही भीती नव्हती, हे त्याला पक्कं आठवत होतं. पण त्या ताटावरून उठताना होती. “मला सांगता येत नाही,” तो म्हणाला.

“मग जा आज. मी बोलावल्याशिवाय येऊ नका.”

पुढचे तीन दिवस कर्नल घरातच होता. त्यानं पूर्वेचे पडदे उघडे ठेवले होते. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आवाज आला नाही. न येण्यानं त्याला जास्त बेचैनी वाटत होती, जसं एखादं माणूस दाराबाहेर येऊन उभं आहे आणि कडी वाजवत नाहीये. सोमवारी पोरीचा फोन आला. ती संतापलेली होती, मग रडली, मग म्हणाली, “आई जेवतेय, काळजी करू नकोस.” बुधवारी सकाळी नऊनंतर परत फोन वाजला. वहिनी होत्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“मला सगळं हवंय,” त्या म्हणाल्या. “ते काय काय म्हणाले. एकेक शब्द. काही गाळायचं नाही.”

कर्नल उभा राहिला. उभं राहूनच त्यानं सांगितलं. टोपी, धूर, शिव्या. शिव्यासुद्धा जशाच्या तशा. पाणी. आईला मारलेली हाक, दोनदा. मध्येच एकदा तो बुटांचं काहीतरी बोलला होता, लाल बुटांचं. ते कुणालाच कळलं नव्हतं, भ्रमात असेल असं वाटलं.

पलीकडून श्वास अडल्याचा आवाज आला. “पोरीसाठी घ्यायचे होते,” वहिनी म्हणाल्या. “मी पत्रात लिहिलं होतं. मापाचा कागद कापून पाठवला होता.” मग अगदी हळू, एखाद्या नव्या नवरीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “आणि माझं नाव?”

कर्नलनं डोळे मिटले. तो पुन्हा त्या खंदकाच्या कडेला छाती टेकून पडला. सव्वानऊपासून तीनपर्यंत, एकेक मिनिट, त्यानं सगळं परत ऐकलं, कान देऊन, पहिल्यांदाच न घाबरता, त्या एका नावासाठी. किती सोपं होतं. एक शब्द. ती बाई उरलेलं आयुष्य त्याच्यावर काढू शकली असती.

“नाही, वहिनी,” तो म्हणाला. “नाही घेतलं.”

आता फोन ठेवतील, त्याला वाटलं. पण खट् असा आवाज झाला नाही. कुठंतरी दूर, त्यांच्या स्वयंपाकघरात, नळ थेंब थेंब गळत होता.

“फोन ठेवू नका, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “बोलू नका काही. नुसते असा.”

“आहे मी,” कर्नल म्हणाला, आणि उन्हात उभा राहिला.